अर्धलीच्या शेळ्या

बाळकुम नाक्यावरच्या बॅनरवर शिवराम पाटलांचा फोटो सहा फुटी होता आणि शेळीचा दीड फुटी. शेळी लघुकाय आहे हे त्यामुळे वेगळं लिहावं लागलं नव्हतं. वर ठळक अक्षरांत ‘परसातली शेळी, आपला हक्क!’ आणि खाली हात जोडलेले मोहीमप्रमुख. रविवारी सकाळी कोलंबी घेऊन परतताना शिवरामने त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि त्याला वाटलं, हा माणूस कुणाची तरी माफी मागतोय.

मागण्यासारखं होतंही. शेळ्यांची तक्रार त्यानेच केलेली. म्हणजे मयूरने, त्याच्या मुलाने, पालिकेच्या ॲपवर, भलत्याच नावाने. पण सांगितलं शिवरामनेच. हेतू सरळ होता. गावठाणातलं बैठं घर आणि मागचं परस विकासकाला द्यायचं, सगळं ठरलेलं, फक्त आईचा अंगठा बाकी. आणि आईने, ठमाबाईने, गावकीच्या चार माणसांसमोर शब्द दिलेला, “शेल्या हायेत तवर मी हालनार नाय. शेल्या गेल्या का त्याच दिवशी अंगठा देते.” ठमाबाईचा शब्द म्हणजे शब्द, हे गावकीला ठाऊक होतं. तेव्हा शेळ्या घालवायच्या, विषय संपला. तक्रार गेली, सात दिवसांत जनावरं हलवा अशी नोटीस आली. इथवर सगळं मनासारखं झालं.

पुढे समृद्धी आडवी आली. वारलेल्या धाकट्या भावाची, बळीरामची, मुलगी. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. तिने नोटिशीचा फोटो टाकला, आजीचा टाकला, शेळीचा तर टाकलाच, आणि दोन महिन्यांत आसपासच्या टॉवरांतून अडीच हजार सह्या गोळा केल्या. ज्यांच्या घरात शेळीला ताटातही शिरकाव नव्हता त्या बायका रविवारी गाजरं घेऊन परसात यायला लागल्या. वॉर्डात हवा झाली. हवा झाली की तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं हा शिवरामचा तीस वर्षांचा धंदा. त्यात निवडणूक तोंडावर. स्वतःच्या तक्रारीविरुद्ध स्वतःच उपोषणाला बसलेला तो वॉर्डातला पहिला कार्यकर्ता ठरला. उपोषण सकाळी नऊला सुरू झालं आणि जेवायच्या वेळेला सुटलं.

पालिका नमली, हीच पंचाईत झाली. ठराव झाला. परस असलेल्या घरात, वीस इंचांपर्यंत उंचीच्या, जास्तीत जास्त तीन ‘लघुकाय शेळ्या’, प्रायोगिक तत्त्वावर. घरच्या सगळ्या हिस्सेदारांची ना-हरकत जोडायची, अर्ज सोमवारी बाराच्या आत. म्हणून आज रविवारी सगळ्यांना आईच्या घरी बोलावणं. आणि शुक्रवारी मयूरने नववं कलम वाचलं : परवाना मिळाल्यावर तीन वर्षं परसाचा वापर बदलता येणार नाही.

“तीन वर्षं, पप्पा. तोपर्यंत बिल्डर थांबतोय का? कटतोय तो.”

“मग हे आधी का नाय वाचलंस?”

“तुम्ही मोहीमप्रमुख आहात ना.”

शुक्रवारचं ते बोलणं डोक्यात घोळवत शिवराम कोलंबी घेऊन आईच्या घरात शिरला.

*

जेवणाआधी मयूरने टेप काढली.

“प्रोसिजर आहे आजी. खांद्यापर्यंत वीस इंच. अर्धा इंच पण वर गेली तर अर्ज बाद.”

“मोज की,” भाकरी थापता थापता ठमाबाई म्हणाली. “पन मिरीच्या पाठीमागशी जाव नको. लाथ घालते.”

मयूर मागून गेला. गुडघा चोळत परत आला आणि पुढून गेला. मिरी काळी, बुंदी ठिपक्यांची, आणि बुंदीची पाट, अजून न व्यायलेली शेवंती. तिघी भिंतीला टेकून अशा उभ्या, जणू पासपोर्टचा फोटो काढायचाय.

“साडेएकवीस!” मयूर ओरडला. आनंद लपवायला तो अजून शिकला नव्हता.

“शिंगं धरून मोजतोयस,” समृद्धी म्हणाली. “खांदा हा इथे असतो. रोज जिमला जातोस ना, खांदा माहीत नाही?”

“ए, तू शिकवू नको. मी मोजतोय ना?”

“मोज, मोज. मी व्हिडिओ काढते.”

व्हिडिओ म्हटल्यावर शेळी अडीच इंचांनी खाली आली. एकोणीस. बुंदी अठरा. शेवंती साडेसतरा. शिवरामने स्वतः टेप घेतली, चष्मा लावला, मिरीच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ आकड्याकडे बघितलं. आकडा हलेना.

“पन शेली वाढते,” तो म्हणाला. “उद्या जास्त झाली तर? लोकांना आपन फसवल्यासारखं होईल.”

“काका, सहा वर्षांची आहे ती. तुमच्यासारखीच. आता वाढायची नाही.”

हेमा दारात उभी राहून हसली. समृद्धीची आई. शेळ्यांच्या वासाने तिचं डोकं धरत असे. बळीराम होता तेव्हा ‘एक तर शेळ्या राहतील नाहीतर मी’ असं ती दर पावसाळ्यात म्हणायची. पण विकासकाच्या कागदावर दोन्ही फ्लॅट शिवरामच्या नावाने टाकलेले आणि तिचा फ्लॅट तोंडी होता, हे कळल्यापासून तिचं डोकं दुखायचं थांबलं होतं. हल्ली ती शेळ्यांना ‘लेकी’ म्हणे.

“दादा, माप झालं ना? मग जेवून घ्या आणि सह्या करा. उगाच वेळ नको.”

“सही काय, करायचीच हाय,” शिवराम म्हणाला. “मी कधी नाय म्हटलंय?”

त्याने खरोखरच कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याच्या सगळ्या आयुष्याचं मर्म तेच होतं.

*

जेवणात कोलंबीचं कालवण होतं. मोहीम सुरू झाल्यापासून या घरात रविवारचं मटण बंद होतं. टॉवरवाल्यांपैकी कुणी येऊन बघितलं तर बरं दिसायचं नाही. वाढायला ठमाबाईची लेक, शिवरामची मोठी बहीण सगुणा होती. ती डोंबिवलीच्या मानपाड्याहून दोन रिक्षा बदलून आलेली. काल आईने सांगितलं म्हणून शिवरामचाच फोन गेलेला, ‘बाय, घरातली सगळीच जमतायत, तू पन ये.’ हळद आणि मयत सोडून माहेरून फोन आल्याची तिला आठवण नव्हती, त्यामुळे तिने आधी विचारलं, कोण गेलं?

जेवणं झाली. समृद्धीने बाहेरच्या खोलीत मांडी घालून अर्ज वाचायला घेतला. मयूरने मोबाइल टीव्हीच्या कपाटावर टेकवून ठेवला. पहिल्या परवान्याची पहिली सही, रील बनवायची होती.

“रकाना एक, जागेचा पत्ता. दोन, हिस्सेदार : आजी, काका, मम्मी. तीन, शेळ्यांची संख्या तीन. चार, शेळ्यांचे मालक...” ती वाचतच गेली, “सौ. सगुणा महादेव केणे, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व.”

शिवरामने चष्मा लावून तो रकाना स्वतः बघितला.

“हे काय हाय?” शिवराम म्हणाला.

“मालकाचं नाव. आजीने सांगितलं. मी म्हटलं तिला, तूच मालक म्हणून घालते. तर मला ओरडली.”

“दुसऱ्याची शेली माझी म्हनू?” ठमाबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. “कागदावं खोटं लिवू? अर्धलीच्या हायेत त्या. तुझा बापूस गेला तवा मी सगुनाला पाट दिली. ती बोलली, आमच्या चालीत जागा नाय, तूच ठेव. मी अर्धलीनं ठेवली. पिल्लं निम्मी तिची, निम्मी माझी. माझी मी इकली, बलीरामच्या दवापान्याला. ऱ्हायल्या त्या तिच्या.”

“आणि मालकाची सही?” हेमाने विचारलं. आवाज अगदी सहज ठेवून.

“लागते. कलम सहा. मालकाच्या लेखी संमतीशिवाय शेळ्या ठेवता येणार नाहीत, हलवता पण येणार नाहीत.” समृद्धी थांबली. “ते कलम मीच पालिकेला सुचवलेलं. म्हणजे कुणी आजीला न विचारता शेळ्या उचलून नेऊ नयेत.”

हे बोलताना ती काकाकडे बघत होती. आत्याकडे बघायचं तिला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं.

“मग काय झालं,” हेमा म्हणाली, “वन्सं करतील की सही. वन्सं काय परक्या आहेत? आपल्याच आहेत.”

शिवरामचा चेहरा मात्र नाक्यावरच्या बॅनरसारखा उजळत चालला होता.

*

आपल्याच आहेत हे सगुणाने मागच्या पडवीतून ऐकलं. ती भांडी घासत होती. माहेरी आलेल्या लेकीला बसवून ठेवतात म्हणे. कुठल्या गावात ठेवतात कोण जाणे.

बावीस वर्षांपूर्वी वारसनोंदीला सही लागते म्हणून ती अशीच आलेली. बापूस जाऊन महिनाही झाला नव्हता. राघो पाटील मिठागरात उन्हाने वाळून गेलेला माणूस, बोलायचा कमी. पण हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तिचा हात धरून पुटपुटला होता, ‘परस तुझं. तुझ्या आयशीला सांगितलंय.’ ती थांबून राहिली, आयस कधी बोलेल म्हणून. आयस काही बोलली नाही. रजिस्ट्रारच्या ऑफिसात तिने जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. तो हक्कसोडीचा कागद होता, हे तिला घरी गेल्यावर नवऱ्याने वाचून सांगितलं. बदल्यात हिरवी साडी आणि एक काळी पाट. नवरा आजही चारचौघांत सांगतो, आमच्या सासऱ्याची इस्टेट चार पायांची आहे. अर्धलीचा तिचा वाटा तो कसला! तिच्या वाट्याची करडं घरच्या हळदींना नि जत्रांना कापली गेली आणि तिला डब्यातून रस्सा यायचा.

“बाय, ठेव गो ती भांडी.” शिवराम स्टूल घेऊन येऊन बसला. “हेमा करंल.”

“हेमाला वास सहन होत नाय.”

“बाय, एक सांगू? सही मोठी गोष्ट असते. घाईत करायची नाय. कागद वकिलाला दाखव. महादेवभावोजींना इचार. चार दिवस घे ना, कोन घाई करतंय?”

सगुणाने कढई पालथी घातली. “बावीस वर्सांपूर्वी तू बोललेलास, बाय, लवकर कर, साहेबाचा लंच टाइम होईल.”

“तवाची गोष्ट येगली.”

“हां. तवा तुला सही पायजे व्हती.”

शिवराम हसला. मनापासून हसला, कारण त्याला रागवायचा सराव नव्हता. “तू सही नाय केलीस तर आये माझ्याबरोबर चौदाव्या माल्यावर येईल. लिफ्ट हाय, कमोड हाय. तिचा त्रास सरंल. आनि तू पन कवाही ये. एक खोली तुझीच समज.”

“समजू?”

“समज ना.”

“कागदावं?”

शिवराम उठला. कुणाचा तरी फोन आल्यासारखं त्याने खिशाला हात लावला आणि निघून गेला.

दोन मिनिटांत हेमा आली. हातात चहाचे दोन कप. वन्संना हातात चहा देण्याची ही तिची दुसरी वेळ. पहिली लग्नानंतरच्या आठवड्यातली.

“दादांचं मनावर घेऊ नका, वन्सं. तुम्ही सही करा. आईंचा शेवट त्यांच्या घरात होऊ दे. केवढं पुण्य लागेल तुम्हाला.”

“आनि तुझ्या फ्लॅटचं कागदावं होईस्तोवर घर तुटनार नाय.”

“त्याचा काय संबंध?”

“नाय, असंच बोललं.”

हेमाने चहाचा घोट घेतला. मग आवाज खाली आणला. “तेव्हा मी पण बोलायला हवं होतं, वन्सं. पण मी नवीन होते.”

“नवीन? समृद्धी चालायला लागलेली.”

हेमाने अर्धा कप तसाच खाली ठेवला. परसातून मिरी ओरडली, तिला दुपारची भाकरी मिळाली नव्हती. सगुणाने पातेल्यातला तुकडा उचलला आणि तिला भरवला. शेळी तिला ओळखत नव्हती. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मालकिणीला कुठली शेळी ओळखणार? पण भाकरी खाल्ली.

पदराला हात पुसून सगुणा बाहेरच्या खोलीत गेली.

“पेन दे गो समृद्धी.”

समृद्धीचा जीव भांड्यात पडला. शिवरामचा चेहरा पडला. मयूरने सवयीने मोबाइलचं बटण दाबलं.

“सही करते. मना जागा नको, फ्लॅट नको, खोली नको. निस्तं आयशीनं एक सांगायचं, या सगल्यांसमोर. बापूस मरताना काय बोललेला?”

*

ठमाबाईचा अडकित्ता थांबला.

राघो काय बोलला ते तिला काल बोलल्यासारखं आठवत होतं. पहाटेचे चार वाजलेले, नर्स सलाइन बदलत होती. ‘पोरीला परस दे. पोरगे सगलं खातील. तिला परस दे, तिथं ती कवा पन येऊन बसंल.’ तिने मान हलवली होती. मग तेराव्याला भावकी जमली, नि भावकीतल्या एकानेही मुलीचं नाव काढलं नाही. मुलीला जमीन देणाऱ्या घराला गावात काय म्हणतात ते ठमाबाईने तरुणपणापासून ऐकलेलं. त्या घरच्या पोरांची लग्नं अडतात. बळीरामचा संसार नुकता सुरू झालेला, शिवराम पार्टीत नाव काढत होता. तिने शिवरामला सांगितलं, बायची सही घेऊन टाक, नि स्वतः बाजारात जाऊन साडी आणली. पाट तिने तिच्या मनाने दिली होती. पाट काही कुणी सांगितली नव्हती.

आता बोलायचं म्हणजे शिवरामचा कागद खोटा. समोर मयूरचा मोबाइल. शेजारी वकिलीच शिकणारी नात, तिच्या डोळ्यांत तर आत्ताच कोर्ट दिसत होतं. लेक हरली तर हरली, ती हरत आलेली. लेकाला पाडणारी आई ठमाबाईने गावात बघितली नव्हती. आणि हा तोच लेक, ज्याने तिच्या शेळ्यांची तक्रार केलेली. तेही तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नोटीस घेऊन आलेल्या माणसाला चहा शिवरामने न विचारता दिला, तेव्हाच.

“आजी, बोल ना,” समृद्धी म्हणाली. “काय म्हणालेले आजोबा?”

“ताप व्हता त्याला,” ठमाबाई म्हणाली. “बरलत व्हता. मना काय नीट आयकू नाय आलं.”

“आये.”

“नाय आलं आयकू. सांगते तं.”

सगुणा तिच्यासमोर खाली बसली. अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

“मना त्यानं सांगितलेलं, माझा हात धरून. मी बावीस वर्सं म्हनत आलंय का तापात बरलला असंल. तू निस्तं म्हन, व्हय, बोलला. मी कोर्टात जानार नाय. या पोराचा मोबाइल बंद करायला सांगते. मयूर, बंद कर रं तो. बंद कर!”

मयूरने मोबाइल पालथा घातला.

“आता म्हन.”

“तुला काय कमी पडलं गो?” ठमाबाईचा आवाज चढला. “साडी दिली, चोली दिली, बालंतपनं केली तुझी या घरात. शेली दिली, ती पन सांभाललीय आजपावतर. येक दिवस उपाशी ठेवली नाय. नि तू भरल्या घरात माझी जबानी घेतंस?”

“शेलीचं कागदावं खरंच लिवलं पायजे,” सगुणा म्हणाली, “पाप लागतं. नि माझं?”

“दादा, तुम्ही तरी बोला,” हेमा म्हणाली.

शिवराम आईकडे बघत होता. त्याला आजवर वाटायचं, तो कागद आपल्या हुशारीने झाला. आईने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि तेव्हा तिने सही घ्यायला का सांगितलं होतं ते त्याला कळलं. कळल्यावर माणसाने काय करायचं असतं हे कळलं नाही. तो म्हणाला, “बापूस तापात व्हता, बाय. मी पन व्हतो तिथं.”

तो तिथे नव्हता. तो त्या रात्री अधिवेशनाला गेलेला, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सगुणाने पेनाचं टोपण लावलं आणि पेन समृद्धीच्या पुस्तकावर ठेवलं. मग उठून परसात गेली.

*

लघुकाय असण्याचा एक फायदा असतो, तीन शेळ्या एका रिक्षात मावतात. मिरी आणि बुंदी मागच्या सीटपुढे पायाशी, शेवंती सगुणाच्या मांडीवर. रिक्षावाल्याने आधी नकार दिला, मग लांबचं भाडं म्हणून होकार, मग पुन्हा नकार, शेवटी ‘सीट खराब झाली तर बघा’ एवढ्यावर तडजोड झाली.

समृद्धी रिक्षाचा दांडा धरून उभी होती. “आत्या, प्लीज. हा ठराव फक्त इकडचा आहे. तिकडे डोंबिवलीत तुला परवानगी नाही. तिथे हे बेकायदेशीर आहे!”

“कायदेशीर कसं असतं ते मी एकदा सही करून बघितलंय, पोरी.”

“अडीच हजार लोकांनी सह्या केल्यात गं. तुझ्या एकीसाठी सगळं...”

“त्या अडीच हजारांतल्या एकीनं तरी इचारलं का, शेली कोनाची?”

समृद्धीने दांडा सोडला. तिला बोलायचं खूप होतं आणि त्यातलं काही अर्जात बसणारं नव्हतं.

ठमाबाई फाटकापर्यंत आलेली. हातात भाकरीचं फडकं. तिने ते रिक्षात आत टाकलं. “मिरीला संध्याकाली भाकर लागते. शिली चालते. बुंदीला पावसात बाहेर बांधू नको, खोकते. नि शेवंतीला...” ती थांबली. “शेवंतीचं तुला कलंलच.”

सगुणाने शेवंतीचे पाय नीट धरले. मग एकदम, रागात असतानाच, सरकून जागा केली. शेळीच्या अंगावर शेळी आली.

“आये, चल.”

“कुटं?”

“माझ्याकडं. खालचीच खोली हाय, पायऱ्या नाय चढायच्या. शेल्या हायेत. यांना म्हनावं, काय माले चढवायचे ते चढवा. चल तू.”

रिक्षा सुरू होती. हेमा, मयूर, शिवराम, सगळे फाटकाच्या आत उभे. ठमाबाईने रिक्षातल्या त्या वीतभर जागेकडे बघितलं. एक पाय उचलला तर बसता आलं असतं.

“पोरीच्या दारात आयस ऱ्हाते काय गो?” ती म्हणाली. “लोकं शिवरामच्या तोंडात शेन घालतील.”

सगुणाने रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. वळणावर मिरी एकदा ओरडली, मग रस्त्याच्या आवाजात काही ऐकू येईना.

*

आत आल्यावर शिवरामने अर्ज मागून घेतला. “आन इकडं. मयूर, मोबाइल लाव.” कॅमेऱ्याकडे बघत त्याने ना-हरकतीवर सही केली, मोठी, लफ्फेदार.

“काका, आता शेळ्याच नाहीत.”

“नसू देत. शिवराम पाटलाची हरकत नव्हती, एवढं लोकांना कललं पायजे.” मग मयूरला म्हणाला, “फोन लाव त्यांना.” मयूरने पडवीत जाऊन विकासकाच्या माणसाला सांगितलं, उद्या सकाळी जागा बघायला या, म्हातारीचा प्रॉब्लेम सॉल्व झाला. तो हळू बोलत होता. पण घर तीनच खोल्यांचं.

हेमाने समृद्धीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं, तोंडी ठरलेल्या फ्लॅटला कायद्यात काही आधार असतो का?

ठमाबाई शाईची डबी मागायला स्वतःच शिवरामपुढे येऊन उभी राहिली.

“आये, आजच कशाला? उद्या करू. तू दमलीस.”

“त्याच दिवशी देते बोललेली.”

शिवरामने कपाटातून कागद काढले. ते गौरी-गणपतीपासून तिथेच तयार होते. चार ठिकाणी अंगठा लागला. तिने कुठे लावायचा ते विचारलं नाही, त्याने बोट ठेवलं तिथे लावला. निळा अंगठा घेऊन ती परसात गेली, नळाखाली धरला, दगडावर घासला. गेला तेवढा गेला.

मग तिने कोपऱ्यातला खराटा घेतला आणि लेंड्या झाडायला लागली. गव्हाणीची जागा, भिंतीची कड, कढीपत्त्याच्या बुंध्याभोवती. वाकून, सावकाश, रोजच्यासारखं.

“ऱ्हाऊ दे ना आये,” शिवराम दारातून म्हणाला. “आता कशाला झाडतंस? सगलं तोडायचंच हाय.”

“उद्या लोकं येनार बघायला,” ठमाबाई म्हणाली. खराटा थांबला नाही. “म्हनतील, म्हातारीनं घर घान ठेवलेलं.”